पाटी पुसलेली गाडी

एसटीच्या कपाळावरची पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. वर मोठ्या अक्षरात गावाचे नाव आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गे महाड' किंवा 'व्हाया पनवेल'. लहानपणी मला ही बारीक ओळ फालतू वाटायची. पोहोचायचे त्या गावाचे नाव कळले की झाले! पुढे एकदा पाटी न बघता गाडीत बसलो आणि तीन तासांचा रस्ता सहा तासांचा झाला, तेव्हा त्या बारीक ओळीची किंमत कळली.

इंटरनेटवरही अशी एक ओळ आहे आणि तिचे नावही हेच आहे: 'व्हाया'. तुम्ही मोबाइलवर एखादे पान उघडता तेव्हा तुमची मागणी थेट त्या वेबसाइटच्या सर्व्हरपर्यंत जातेच असे नाही. मध्ये कॉलेजची पेटी असते, कंपनीची असते, मोबाइल कंपनीची असते आणि पलीकडे त्या वेबसाइटने स्वतः भाड्याने घेतलेली पेटीही असते. तुमच्या वतीने मागणी पुढे नेणाऱ्या आणि उत्तर परत आणणाऱ्या या मधल्या पेटीला प्रॉक्सी म्हणतात. प्रत्येक मागणीबरोबर पाकिटावर लिहावा तसा थोडा मजकूर जातो, तो हेडर. नियम असा आहे की प्रॉक्सीने पाकीट पुढे सरकवताना 'व्हाया' या हेडरमध्ये आपली नोंद करावी: माझ्याकडे हे पाकीट एचटीटीपीच्या अमुक आवृत्तीने आले आणि माझे नाव अमुक. खरे नाव सांगायचे नसेल तर टोपणनाव चालते. आतल्या नेटवर्कमधल्या यंत्रांची नावे बाहेर फोडू नका, असे तर नियमच सांगतो. पण नोंद हवी.

हा नियम कालचा नाही. १९९७ च्या जानेवारीत एचटीटीपी १.१ चा पहिला दस्तऐवज, आरएफसी २०६८, प्रसिद्ध झाला त्यात तो आहे. १९९९ मध्ये आहे, २०१४ मध्ये आहे आणि २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या आरएफसी ९११० मध्येही आहे. या दस्तऐवजांत 'करावे तर बरे' आणि 'केलेच पाहिजे' यांच्यासाठी वेगवेगळे शब्द ठरलेले असतात. 'व्हाया'साठी वापरलेला शब्द दुसरा आहे, केलेच पाहिजे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ हा नियम छापील आहे आणि तेवढाच काळ तो राजरोस मोडला जातो. माझे भांडण त्याच्याशीच आहे.

हे भांडण पुस्तकातून आलेले नाही. २०१३ साली मी एका ट्रस्टसाठी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची छोटी वेबसाइट बनवून दिली होती. फुकटचे काम, पण जीव लावून केलेले. गैरवापर होऊ नये म्हणून मी एक कुलूप घातले: एकाच आयपी पत्त्यावरून तासाभरात पाच वेळा चुकीचा क्रमांक टाकला गेला तर तो पत्ता बंद. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी एका तालुक्याच्या गावातून फोन आला. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चाळीसेक मुली बसल्या होत्या आणि एकीचाही अर्ज जात नव्हता. दोघी-तिघींनी घाईत गुणपत्रिकेचा क्रमांक चुकवला होता, आणि माझ्या कुलपाने साऱ्या लॅबला बाहेर काढले होते. माझ्या सर्व्हरच्या लेखी तिथे चाळीस मुली नव्हत्याच. तिथे एकच पत्ता होता आणि तो पत्ता सारखा चुकत होता.

मी नोंदी उघडून पाहिल्या. मध्ये प्रॉक्सी आहे याची एकही खूण नव्हती. 'व्हाया' नाही, मागणी कोणाच्या वतीने आहे ते सांगणारे 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नाही. लॅब सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोन लावला.

"सर, ते हेडर आपण बंद केलेत. सिक्युरिटीसाठी."

"कोणाच्या सिक्युरिटीसाठी?"

यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "सर, सेटिंगच तसं सांगितलं होतं."

त्यांचा दोष नव्हता. स्क्विड नावाचा प्रॉक्सी वर्षानुवर्षे कॉलेजांत, कार्यालयांत वापरला जातो. तो मुळात इमानदार आहे. काही न करता बसवला तर 'व्हाया' स्वतःहून लिहितो. पण तो बसवायचे कोणतेही मार्गदर्शन उघडा, चौथ्या-पाचव्या पायरीला सल्ला सापडेल: व्हाया बंद करा, फॉरवर्डेड-फॉर पुसा. का, ते कोणी लिहीत नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने बसवले.

माझाही दोष होताच, तो लपवत नाही. पत्ता म्हणजे माणूस असे धरणे हा माझा आळस होता. ट्रस्टने मुदत दोन दिवस वाढवली. पण शेवटचा दिवस म्हणून भाड्याचे पैसे मोडून आलेल्या काही मुली तोवर गावी परत गेल्या होत्या. सगळ्या पुन्हा आल्या नाहीत.

हा घोळ चाळीस जणींचा होता. सबंध देशाचा घोळही झालेला आहे. २००६ सरताना आणि २००७ उजाडताना विकिपीडियाच्या एका व्यवस्थापकाने खोडसाळ बदल करणारा एक आयपी पत्ता नेहमीप्रमाणे बंद केला. मग लक्षात आले की कतार देशाची जवळपास सगळी वेब वाहतूक याच पत्त्यावरून बाहेर पडते. देशात सेवा देणारी कंपनी एक, तिचा प्रॉक्सी मध्ये, आणि पलीकडच्याला दिसणारा पत्ता एक. पाने वाचता येत होती, पण खाते नसलेल्या कोणालाही कतारमधून एक अक्षर लिहिता येईना. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस तेव्हा दोह्यात होता, आजही आहे. विकिपीडियावर नव्याने काही लिहू पाहणारा रत्नागिरीचा पोरगाही त्या एका पत्त्याच्या मागेच उभा असणार. बंदी काही तासांत उठली. पण एका अनोळखी खोडकरासाठी सबंध देश दाराबाहेर उभा राहतो हे जगाने पाहिले. यातून विकिपीडियाच्या मंडळींनी जो मार्ग धरला तो साधा होता. त्यांनी सेवा कंपन्यांना विनंती केली की मागणी कोणाच्या वतीने आहे ते हेडरमध्ये लिहा. जे विश्वासाने लिहितील त्यांची यादी आम्ही ठेवू आणि खोडी काढणाऱ्यापुरतीच बंदी घालू.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला प्रत्येकाचा पत्ता चव्हाट्यावर हवा आहे. अजिबात नाही. इथेच दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि ती मुद्दाम केली जाते असे माझे मत आहे. 'व्हाया' सांगते मधला कोण आहे. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' सांगते मागे कोण आहे. पहिले हे मधल्याचे कर्तव्य आहे. दुसरे हे मागच्या माणसाचे गुपित आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय ते सांगायचा मधल्याला हक्क नाही. आणि मोठ्या कंपन्यांनी काय केले? नेमके उलट. स्वतःचे नाव पुसले आणि ग्राहकाचे विकले.

पुरावा हवा? २०१२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल कंपनीचे ग्राहक जी वेबसाइट उघडत तिला हेडरमध्ये त्यांचा मोबाइल नंबर जात होता. एका ग्राहकाच्या लक्षात आले, बोभाटा झाला, कंपनीने माफी मागितली. देखभालीच्या कामात चूक झाली आणि सुमारे दोन आठवडे हे चालले, असा तिचा खुलासा. एरवी नंबर फक्त ठराविक विश्वासू भागीदारांनाच दिला जातो, असेही तिने सांगितले. म्हणजे नंबर टाकणारे यंत्र आधीपासून होतेच, फक्त त्याची तोटी चुकून सगळ्यांसाठी उघडली गेली!

अमेरिकेतल्या व्हेरायझनचे प्रकरण याहून गडद आहे, कारण तिथे चूक नव्हती, धंदा होता. २०१२ च्या अखेरीपासून ही कंपनी ग्राहकांच्या मागण्यांत 'एक्स-यूआयडीएच' नावाचे हेडर घालत होती. त्यात प्रत्येक ग्राहकाची वेगळी खूण. तुम्ही ब्राउझरमधल्या कुकी पुसा, खासगी खिडकी उघडा, काही करा, खूण तुमच्या फोनमध्ये नव्हतीच. ती फोन सोडल्यावर, कंपनीच्या पेटीत चिकटवली जायची. म्हणून ती वापरणाऱ्याला दिसतही नव्हती. दोन वर्षे हे चालले, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला वाचा फुटली. मग २०१५ च्या जानेवारीत उघड झाले की टर्न नावाची जाहिरात कंपनी याच खुणेच्या आधारे ग्राहकाने पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत करत होती. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी तडजोड झाली आणि व्हेरायझनने १३.५ लाख डॉलर भरले. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे चहाचे बिल.

गंमत बघा, कडू गंमत. हेडर घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, सर्व्हरवर ताण पडतो, ही कारणे 'व्हाया'च्या वेळी नेहमी ऐकू येतात. ग्राहकाच्या गळ्यात पट्टा बांधायच्या वेळी कोट्यवधी ग्राहकांच्या मागण्यांत हेडर घालायला यांना काहीही अवघड गेले नाही.

आपल्याकडेही हात स्वच्छ नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला दिसले की एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवरून त्याची स्वतःची वेबसाइट उघडली तर पानात त्याने न लिहिलेला जावास्क्रिप्टचा तुकडा येतो आहे. त्याने तो जसाच्या तसा लोकांसमोर ठेवला. कंपनीने सांगितले की ग्राहकाला डेटाचा वापर समजावा म्हणून हे होते. पण तो तुकडा ज्या परदेशी कंपनीचा होता तिच्या वकिलांची नोटीस आली ती त्या प्रोग्रामरला. दुसऱ्याच्या पत्रात आपली ओळ घुसडणारा मोकळा, आणि ती ओळ दाखवणारा आरोपी! खरे तर यासाठीही नियमांत सोय आहे. मधल्याने मजकूर बदलला तर नेहमीच्या २०० ऐवजी २०३ हा क्रमांक लावता येतो, त्याचा अर्थच हे मूळ उत्तर नाही असा होतो. आणि वेबसाइटने 'नो-ट्रान्सफॉर्म' लिहिले असेल तर मधल्याने मजकुराला हातच लावायचा नाही, हा तर हुकूम आहे. २०३ हा क्रमांक तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? मी कामाच्या एवढ्या वर्षांत चाचणीखेरीज पाहिलेला नाही.

आरएफसी ९११० मध्ये याबद्दल एक वाक्य आहे, त्याचा आशय इथे सांगतो. पाठवणाऱ्याच्या नकळत किंवा परवानगीशिवाय वाहतूक गाळणारी, वळवणारी जी मधली यंत्रे असतात ती प्रोटोकॉलच्या पातळीवर वाटेत बसलेल्या हल्लेखोरापासून वेगळी ओळखता येत नाहीत. हे कोण्या चळवळ्याचे पत्रक नाही. हे वेबचे व्याकरण लिहिणारी थंड डोक्याची माणसे आहेत. नाव न सांगता मध्ये उभा असलेला कॉलेजचा शिपाई आणि खिसेकापू यांत आम्हाला फरक करता येत नाही, एवढेच ते म्हणत आहेत.

आता दुसऱ्या बाजूचे युक्तिवाद घेऊ, कारण त्यांतला एक खरोखर वजनदार आहे.

हलका आधी. म्हणतात, हेडरमध्ये कोणीही काहीही लिहू शकतो, मग त्याचा उपयोग काय? खरे आहे, 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' मी घरी बसून हवे तसे लिहू शकतो, आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या वेबसाइट फसल्याही आहेत. शहाण्याने आपल्या ओळखीच्या प्रॉक्सीने जोडलेला भागच खरा धरावा, त्याआधीचा नाही. पण खोटे लिहिता येते म्हणून कोणी काही लिहूच नये, हा न्याय कुठला? खोटी पाटी लावलेली गाडी पकडता येते, लावणाऱ्याला जाब विचारता येतो. पाटीच नसेल तर विचारायचे कोणाला?

वजनदार युक्तिवाद असा: जी नाव सांगते तिलाच मार बसतो. हे खोटे नाही. एंजिनएक्स हा जगभर वापरला जाणारा सर्व्हर घ्या. त्यावर पाने दाबून, म्हणजे लहान करून पाठवायची सोय सुरू केली तरी एक मूळ सेटिंग असे आहे की मागणीत 'व्हाया' दिसले तर दाबलेले पान द्यायचे नाही. जुन्या काळच्या प्रॉक्सींना दाबलेली पाने नीट सांभाळता येत नसत, त्याची ही उरलेली भीती. परिणाम काय? इमानाने 'व्हाया' लिहिणाऱ्या कॉलेजच्या मुलांना जड, हळू उतरणारे पान. शेजारच्या पुसून मोकळ्या झालेल्या कॉलेजला हलके पान. मग कोण कशाला लिहील?

आणि याची किंमत बड्यांनाही मोजावी लागली. वेबसाइटच्या दारात उभ्या असणाऱ्या ज्या मोठ्या वितरण कंपन्या आहेत, ज्यांना सीडीएन म्हणतात, त्यांच्यातल्या काही 'व्हाया' लिहीत नव्हत्या किंवा त्याकडे बघत नव्हत्या. खरे तर 'व्हाया'चा एक मूळ उपयोग असा की आपलेच नाव पाकिटावर आधीच दिसले तर प्रॉक्सीने ओळखावे, हे पाकीट गोल फिरते आहे. २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले की कोणी खोडसाळ ग्राहक एका सीडीएनला दुसरीकडे आणि दुसरीला पुन्हा पहिलीकडे बोट दाखवायला लावू शकतो, आणि पाकीट त्यांच्यातच गरागरा फिरत राहते. मग २०१९ मध्ये क्लाउडफ्लेअर, फास्टली आणि अकामाई या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांची माणसे एकत्र बसली आणि त्यांनी 'सीडीएन-लूप' नावाचे नवे हेडर काढले. काम तेच, आपले नाव लिहा. जुनी पाटी पुसून टाकली म्हणून नवी पाटी रंगवावी लागली.

म्हणून वजनदार युक्तिवादाला माझे उत्तर असे आहे की मार बसतो तो मारणाऱ्याने थांबवावा. 'व्हाया' पाहून तोंड फिरवणारे सर्व्हर आपण, वेबसाइट बनवणारे, चालवतो. तो एक सेटिंग बदलायला दोन मिनिटे लागतात. ते आपण बदलत नाही आणि लॅबच्या बिचाऱ्या माणसाला इमानाचे धडे देतो, हा दांभिकपणा माझ्यासकट सगळ्यांचा.

आणि मागच्या माणसाचे काय? त्या चाळीस मुलींना वेगळे ओळखायचे तर त्यांचे पत्ते द्यावेच लागतील ना? नाही. २०१४ मध्ये आलेल्या आरएफसी ७२३९ ने 'फॉरवर्डेड' हे हेडर नीट बांधून दिले आहे. त्यात पत्त्याच्या जागी अधोरेषेने सुरू होणारे एखादे निरर्थक टोपणनाव टाकता येते. मूळ शिफारस तर अशी की ते दर मागणीला नवे असावे, म्हणजे कोणाचा माग राहू नये. पण लॅबला हवे तर तासाभरासाठी एक टोपणनाव ठेवता येईल. पंधरा नंबरच्या संगणकावरची मुलगी पाच वेळा चुकली, एवढेच माझ्या सर्व्हरला कळले असते. ती कोण, कुठली, हे कळायचे कारणच नव्हते. कुलूप तिच्यापुरते लागले असते, बाकीच्या एकोणचाळीस जणी अर्ज भरून दुपारच्या गाडीने घरी गेल्या असत्या.

हल्ली कोणी म्हणते, आता सगळीकडे एचटीटीपीएस आले, पाकीट सीलबंद झाले, मधल्याला आत काही लिहिताच येत नाही, वाद संपला. अर्धेच खरे. मोबाइल कंपनीला आता आत डोकावणे कठीण झाले हे चांगलेच झाले, आणि त्याचे श्रेय व्हेरायझनसारख्यांच्या करामतींनाही जाते. पण सील फोडून पुन्हा लावणारे मधले आहेतच. कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या संगणकावर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून हे उघड केले जाते. २०१३ च्या जानेवारीत नोकियाच्या एक्सप्रेस ब्राउझरचेही असेच कळले, पान दाबण्यासाठी सीलबंद वाहतूक वाटेत कंपनीच्या सर्व्हरवर उघडली जात होती. आणि पलीकडच्या टोकाला सीडीएन आहे. तुम्ही ज्या वेबसाइटला पासवर्ड देता तिचे सील पुष्कळदा सीडीएनच्या दारातच उघडते. कुलपाचे चित्र दिसते, पण ते नेमके कोणाच्या दाराचे कुलूप हे सांगणारी ओळ उत्तराच्या हेडरमध्ये असली तर असते आणि ती सामान्य माणसाला दाखवायची तसदी एकही ब्राउझर घेत नाही.

बंद केलेल्या पानांचीही तीच कथा. कायद्याने पान अडवले तर सांगायला ४५१ हा क्रमांक २०१६ पासून आहे, आणि त्याच्यासोबत अडवणारा कोण तेही लिहायची जागा आहे. आपल्याकडे पान बंद झाले की कधी नुसतेच गोल फिरते, कधी दोन ओळींची पाटी येते. अडवले कोणी, सेवा कंपनीने की आणखी कोणी, ते वाचकाने तर्काने ओळखायचे. २००९ च्या नियमांत तर अशा आदेशांबाबत गुप्तता पाळायचे कलमच आहे.

त्या लॅबच्या गृहस्थांशी माझी पुढेही ओळख राहिली. माझ्या सांगण्यावरून त्यांनी 'व्हाया' चालू केले, नावाच्या जागी कॉलेजचे टोपणनाव टाकले. मी माझ्या सर्व्हरवर ते ओळखायची सोय केली. दोन वर्षे सुरळीत चालले. मग कॉलेजचे सिक्युरिटी ऑडिट झाले. तपासणीच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालात एक ओळ होती: प्रॉक्सी आपले अस्तित्व उघड करतो, सुधारणा आवश्यक. त्यांनी मला अहवालाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "सर, आता काय करू? प्राचार्य म्हणतात, सगळ्या ओळींपुढे 'पूर्तता केली' पाहिजे."